जुनी यामाहा आरएक्स 100 बाइक उभी करताय? आधी क्रँककेस बघा

भंगारातली गाडी घेतली की पहिला मोह होतो पेंटचा. थांबा जरा, आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. चेसिस नंबर हँडलखाली फ्रेमच्या नेकवर असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर (इंजिनाचं खालचं मुख्य कवच). म्हणजे सिलेंडर, हेड, कार्बोरेटर, गिअर जुन्या बाजारातून बिनधास्त उचला पण क्रँककेस बदलली की नंबरच बदलला, मग आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, बिल, मूळ गाडीचे कागद, सगळं शेपूट मागे लागतं. आणि बिल नसेल तर चोरीच्या गाडीचा माल आपल्या गळ्यात, स्वस्त कितीही असू दे.

क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) जुना घेताना त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली हलवायचा, टकटक लागली तर बेअरिंग गेलंय, आडवा थोडा हलला तर चालतं. ऑइल सील आणि बेअरिंग मात्र नवीनच टाका, तिथे दोनशे-तीनशे वाचवून परत इंजिन खोलायची वेळ येते (अनुभव आहे, विचारू नका).

फ्रेम पावडर कोटिंगला द्यायच्या आधी नंबरवर मास्किंग टेप लावा, कारण माझा नंबर रंगाखाली असा बुजला की इन्स्पेक्टरसमोर पेन्सिल घासून ठसाच उठेना.

15 वर्षांच्या पुढची गाडी असल्यानं आरसीच्या रिन्यूअलला फॉर्म 25 (रिन्यूअलचा अर्ज), चालू इन्शुरन्स, पीयूसी आणि पर्यावरण कर लागतो, पास झाली की 5 वर्षं मिळतात. पण गाडी घेण्याआधीच परिवहनच्या साइटवर नंबर टाकून फायनान्सचा बोजा नाही ना ते बघून घ्या.