बाहेर गेल्यावर बाळाला अंगावर पाजायचं, कोणाच्या लक्षात न येता

माझी पहिली फजिती झाली आमच्या इंदूरच्या शीतलामाता बाजारात. मुलगा सात आठवड्यांचा होता, भाच्याच्या मुंजीसाठी साड्या घ्यायच्या होत्या, आणि मी ऑनलाइन मागवलेलं फीडिंग कव्हर मोठ्या तोऱ्यात पिशवीत टाकलेलं, ते गळ्यात अडकवायचं अॅप्रनसारखं असतं ना, वर गुलाबी बगळे छापलेलं. दुकानात गादीवर बसलो, पाचव्या साडीला बाळसाहेबांनी जो सूर लावला की बस. मी घाईघाईत कव्हर अडकवलं, आत अंधार, त्याला काही सापडेना, मला काही दिसेना, तो पाय झाडतोय, बगळे नाचतायत आणि अख्खं दुकान आमच्याकडे बघतंय. सासूबाई म्हणाल्या, "तो तंबू काढ आधी." मला उचलून साड्यांच्या कपाटाकडे तोंड करून बसवलं, माझीच ओढणी खांद्यावरून सोडली, आणि दोन मिनिटांत सगळं शांत. दुकानवाले भैया परत महेश्वरी उलगडायला लागले जसं काही झालंच नाही.

तेव्हा कळलं की लोक पाजण्याकडे बघत नाहीत, रडण्याकडे आणि आपल्या धांदलीकडे बघतात. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यात कपड्यांबद्दल कमी आणि वेळेबद्दल जास्त आहे.

तर वेळ. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी, पण हे दोन-तीन तास मोजायचे ते आधीच्या पाजण्याच्या सुरुवातीपासून, संपल्यापासून नाही, इथेच गणित चुकतं सगळ्यांचं. समजा तुम्ही साडेदहाला घेतलं, अकरापर्यंत पिऊन ढेकर काढून झालं, निघेपर्यंत सव्वाअकरा, तर साडेबारापासून त्याची कधीही वेळ होऊ शकते. हातात मिळाला जेमतेम सव्वा तास. म्हणून निघायच्या अगदी आधी पाजा, साडी-बिडी नेसून झाल्यावर, त्याच्याआधी नाही. आणि शक्यतो सकाळी निघा. संध्याकाळी बरीच बाळं तासाभरात तीन-तीन वेळा मागतात, दूध कमी पडतंय म्हणून नाही, त्यांची ती रीतच असते, आणि आपला राजवाड्याकडचा बाजार नेमका तेव्हाच भरतो. सराफ्यात रात्री चाट खायला तर सध्या विसराच, तो धूर आणि ती गर्दी तान्ह्या बाळाला कशाला. सानंद संस्थेच्या मराठी नाटकालाही नेऊ नका, ते मात्र बाळासाठी नाही, बाकी प्रेक्षकांसाठी सांगतेय.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. बाळ रडलं म्हणजे तुम्हाला उशीर झाला. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे, त्याच्या आधी ते मान इकडेतिकडे फिरवून शोधायला लागतं, मूठ तोंडात घालतं, ओठ चाटतं, चुळबुळ करतं. त्या चुळबुळीलाच जागा शोधून बसलात तर ते शांतपणे लागतं आणि शेजारच्या बाईलाही वाटतं की झोपलंय. रडून लाल झालेलं बाळ नीट धरतच नाही, आधी त्याला शांत करा, खांद्यावर घ्या, मग लावा.

घालायचं काय. दोन थर, बस. आत बनियान नाहीतर स्लिप जी खाली ओढता येते, वर सैल कुर्ता जो वर उचलता येतो. वरचा वर, आतला खाली, मधे बाळाचं डोकं. पोट झाकलेलं, पाठ झाकलेली, बाकी जे दिसलं असतं ते त्याच्या टोपऱ्याने झाकलं. फीडिंगचे कुर्ते मिळतात पण महाग वाटतात मला, मी जुन्या कुर्त्यांना मास्टरजीकडून छातीच्या शिवणीत दोन्हीकडे उभ्या चेन लावून घेतल्या, त्या दिसत नाहीत तशा आतल्या चेन, आणि प्लास्टिकच्याच सांगा, धातूची चेन बाळाच्या गालाला घासते. रंग गडद आणि प्रिंट बारीक, कारण एका बाजूने पाजताना दुसरीकडेही पान्हा फुटतो आणि फिक्या कुर्त्यावर रुपयाएवढा डाग उमटतो. तसं झालं तर त्या बाजूला हाताची घडी घातल्यासारखं मनगटाने थोडं दाबून धरा, थांबतं. ब्रेस्ट पॅड नसले तर सुती रुमालाची घडीही चालते, फक्त ओली झाली की बदला.

साडी नेसत असाल तर तुम्ही जिंकलात, खरंच. पदरासारखं कव्हर अजून कोणी बनवलेलं नाहीये. पण तो घड्या घालून खांद्यावर पिना मारलेला पदर काही कामाचा नाही, सुटा पदर हवा, आणि पिन आधी काढून पर्समधे ठेवा, बाळाच्या डोक्याजवळ पिन नको. ब्लाउज पुढून हुकाचा, खालचे दोन-तीन हुक काढून खालून वर सरकवायचा, वरून उघडायचा नाही. आपल्याकडे लग्नाकार्यात बऱ्याच जणी पुढे येणाऱ्या पदराची साडी नेसतात, त्या नेसण्यात तर काहीच करावं लागत नाही.

हे सगळं घरी आरशासमोर चार-पाच वेळा करून बघा. हसू नका, मी केलंय. आरशात कळतं की उघडं पडतं ते फक्त लावतानाचे आठ-दहा सेकंद, एकदा बाळाने धरलं की काही दिसत नाही. म्हणून तेवढ्या दहा सेकंदांपुरतं भिंतीकडे वळा, ओढणी धरा, नवऱ्याला समोर उभं करा, काय करायचं ते करा आणि मग निवांत सरळ बसा. नवऱ्यावरून आठवलं, त्याला सांगा की पहारेकऱ्यासारखं हात पसरून उभं राहायचं नाही, त्याने दुप्पट लोक बघतात. शेजारी उघड्या बाजूला बसायचं आणि क्रिकेटबद्दल बोलत राहायचं.

झाकायच्या नादात एक चूक सगळ्या करतात, मीही केली आणि चार दिवस स्तनाग्रांना चिरा पडून रडले. आपण बाळावर वाकतो. वाकायचं नाही, बाळाला आपल्याकडे आणायचं, पोटाला पोट, त्याची मान वाकडी नको, तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलं की मगच जवळ घ्यायचं. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात गेलेला हवा. दुखत असेल तर नीट लागलं नाहीये, ओढून काढू नका, स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सुटते, मग परत लावा. चार लोक बघतायत म्हणून तसंच दुखरं चालू ठेवू नका.

ओढणीचंही एक. मलमलची किंवा पातळ सुती घ्या, सिंथेटिक अजिबात नको. इंदूरच्या मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा जातो आणि त्या कापडाखाली बाळ आपल्या अंगाला चिकटलेलं असतं, घामाघूम होतं. नाक मोकळं हवं, वरून एक फट ठेवून त्याचा चेहरा तुम्हाला सतत दिसला पाहिजे. काही बाळांना डोक्यावर कापड चालतच नाही, हात मारून काढतात, त्यांच्यासाठी दुपटं डोक्यावर नाही तर आपल्या खांद्यापासून त्याच्या गालापर्यंतच सोडा, तेवढंही पुरतं.

जागा कुठे? साडीची दुकानं सगळ्यात बेस्ट, तिथे बसायला गादी असते, वरच्या मजल्यावर गर्दी कमी असते. सरळ विचारायचं, "भैया, बच्चे को दूध पिलाना है, थोड़ी जगह मिल जाएगी?" आजपर्यंत मला कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट पंखा लावून देतात. खजराण्याच्या गणपतीला बुधवारी जाऊ नका, गर्दी, दुसऱ्या वारी गेलात तर बाजूला भिंतीला टेकून बसा, तिथे आपल्यासारख्या आणखी दोघी असतातच. छप्पन दुकानला, त्या खाण्याच्या गल्लीत, जागा आहे पण आवाज फार, बाळ दर मिनिटाला सोडून बघतं. कारमधे मागच्या सीटवर उत्तम, पण गाडी बाजूला लावून, चालत्या गाडीत मांडीवर घेऊन अजिबात नाही.

टॉयलेटमधे मात्र नाही. एका मॉलमधे, नाव नको, फीडिंग रूमची पाटी होती आणि आत झाडू, बादल्या आणि मागच्या दिवाळीचे कंदील. गार्ड म्हणाला वॉशरूम में कर लो मैडम. मी म्हटलं तुम्ही तिथे जेवता का भैया, आणि तिथेच बाकड्यावर बसले. फेब्रुवारी २०२५ मधे सुप्रीम कोर्टानेही सार्वजनिक ठिकाणी फीडिंग रूमची सोय करण्याबद्दल राज्यांना सांगितलंय, आणि आईने चारचौघांत पाजणं याला कमीपणाच्या नजरेने बघू नये असंही म्हटलंय, तेव्हा कोणी टोकलं तर शांतपणे "हो, पाजतेय" एवढं म्हणून खाली बाळाकडे बघायचं. वाद घालायचा नाही, आपण ताणात आलो की पान्हाही पटकन फुटत नाही.

बाटलीत काढून न्यायचं म्हणाल तर पहिले तीन-चार आठवडे नकोच, आधी अंगावर नीट बसू दे. नंतर न्यायचं झालं तर काढलेलं दूध २५ डिग्रीपर्यंत चार तास टिकतं, आपल्याकडे उन्हाळ्यात एवढी कमी डिग्री कुठे, म्हणून बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत.

घाबरत असाल तर पहिली प्रॅक्टिस दीड महिन्याच्या डोसला करा. तसंही सव्वा महिना कोणी बाहेर सोडत नाही आणि दीड महिन्याला इंजेक्शनसाठी निघावंच लागतं. तिथे सगळ्या आयाच, कोणाला कोणाचं काही नाही, आणि सुई टोचताना किंवा लगेच नंतर अंगावर घेतलं तर बाळाला दुखणं कमी जाणवतं. पिशवीत दोन दुपटी, एक तुमचा जादा कुर्ता (गुळणी तुमच्याच अंगावर होणार आहे), पाण्याची मोठी बाटली, कारण पाजायला बसलं की दुसऱ्या मिनिटाला अशी तहान लागते की विचारू नका, आणि एखादा डिंकाचा लाडू. ते बगळ्यांचं कव्हर आता आमच्याकडे मिक्सरवर घातलेलं असतं.