ड्राइव्ह दिसत नाही म्हणजे नक्की कुठे दिसत नाही?

लॅपटॉप रिपेअरिंगच्या लाइनीत आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच दोन तक्रारी हमखास समोर येतात. 'डी ड्राइव्ह गायब झालाय' ही एक आणि 'विंडोज टाकताना हार्डडिस्कच दाखवत नाही' ही दुसरी. नवीन मुलं दोन्ही ठिकाणी लगेच स्क्रू काढायला बसतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी आधी स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगतो आणि मशीन चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जायला लावतो.

कारण सगळं तिथेच ठरतं. बायोसमध्ये ड्राइव्हचं नाव येत असेल तर जोडणी बहुतेक ठीक आहे, गडबड विंडोजच्या बाजूला. नाव येतच नसेल, तरच हत्यारं बाहेर काढायची.

बायोसमध्ये आहे पण 'धिस पीसी'मध्ये नाही, तर विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा. बऱ्याचदा पार्टिशन शाबूत असतं, फक्त ड्राइव्ह लेटर उडालेलं असतं. राइट क्लिक करून अक्षर दिलं की काम झालं. अशा कामाचे फार पैसे लावू नयेत, असं माझं मत. गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपोआप तुमच्याकडेच येतं. नवाकोरा एसएसडी तिथे 'नॉट इनिशियलाइज्ड' दिसतो, हे साहजिक आहे. जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) निवडा आणि पुढे चला. पण डेटा असलेला जुना ड्राइव्ह तसा दिसला, तर ओके दाबायचं नाही. 'फॉरमॅट करू का' विचारलं तरी कॅन्सल. आणि विंडोजच्या डिस्कपार्टमधली 'क्लीन' कमांड पार्टिशनची नोंदच पुसते, ती दुसऱ्याच्या डेटावर चालवायचीच नाही.

विंडोज टाकताना यादी रिकामी येते, त्याचं हल्ली नेहमीचं कारण म्हणजे इंटेलचं व्हीएमडी, म्हणजे ड्राइव्ह प्रोसेसरमार्फत सांभाळायची सोय. अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून, म्हणजे २०२० च्या शेवटापासून आलेल्या खूप लॅपटॉपमध्ये ते चालूच असतं. ड्राइव्ह धडधाकट असतो, पण इन्स्टॉलरकडे ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, फाइल मोकळी करून पेनड्राइव्हमध्ये टाका आणि 'लोड ड्रायव्हर'वरून दाखवा. यादी लगेच भरते. दुसरा मार्ग बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचा. कोरं इन्स्टॉलेशन असेल तर चालेल. पण आधीचं विंडोज ठेवायचं असेल आणि हे बटण फिरवलंत, तर ते बहुधा सुरूच होणार नाही, निळी स्क्रीन येईल. शिवाय बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आणि त्याला पासवर्ड आठवत नसतो. म्हणून बायोसला हात लावण्याआधी की हातात घ्या.

आता बायोसमध्येच नाव नसलेली केस. सीए करणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. "दादा, बॅग पडली, तेव्हापासून डी ड्राइव्ह नाही. आर्टिकलशिपचं सगळं त्यातच आहे हो." विंडोज लहान एसएसडीवर, डेटा अडीच इंची हार्डडिस्कवर, असं दोन ड्राइव्हचं मशीन. बायोसमध्ये एसएसडी होता, हार्डडिस्क नव्हती. मागचं झाकण काढून आधी बॅटरीचा कनेक्टर सुटा केला. हार्डडिस्कपासून बोर्डाकडे जाणारी चपटी रिबन बोर्डाच्या टोकाला एका बाजूने किंचित उचललेली. सरळ वरून बघितलं तर कळत नव्हतं, टॉर्च आडवा धरल्यावर फट दिसली. लॅच उघडून रिबन नीट बसवली, वरून कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी पिवळसर टेप) लावली, आणि बायोसमध्ये नाव आलं. लगेच झाकण लावून दिलं नाही. ड्राइव्ह पडलेला होता, म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे खराब झालेल्या आणि संशयित जागा, बघितले, मग आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला.

अशा हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र वीज बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात उरलासुरला डेटाही जातो. ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

एम डॉट टू कार्डाची, म्हणजे बोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या चपट्या एसएसडीची, भानगड निराळी. साटा आणि एनव्हीएमई या डेटा पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती, पण दोन्ही कार्डं एकाच आकारात मिळतात, आणि काही लॅपटॉपचा स्लॉट त्यातलं एकच ओळखतो. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेलं कार्ड 'डेड' म्हणून परत करायला निघालेले मी पाहिलेत; कार्ड चांगलं, स्लॉट दुसऱ्या जातीचा. नुसत्या खाचांवरून ठरवू नका, लेबल वाचा आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. यूएसबी केसमध्ये, म्हणजे ड्राइव्ह बाहेरून जोडायच्या डबीत, तपासतानाही तेच: फक्त साटा चालणाऱ्या केसमध्ये एनव्हीएमई कार्ड दिसणारच नाही. बाकडावर दोन्ही चालणारी एक केस ठेवा, आणि कुठलाही ड्राइव्ह मेला असं सांगण्याआधी तो दुसऱ्या मशीनला लावून बघा.