विहीर ओढ्याला पाणी देते की ओढा विहिरीला? असं मोजा

बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पाऊस थांबून महिने उलटले तरी ओहोळ वाहतात. ते पाणी जमिनीतून येतं: जांभ्यात, मुरमात मुरलेला पाऊस सावकाश ओढ्यात उतरतो. उपशाने विहिरी खोल गेल्या की उलट होतं, ओढाच जमिनीत मुरतो. आपल्या शिवारात काय चाललंय ते मोजता येतं आणि प्रत्येकाने मोजावं.

ओढ्याजवळची उघडी विहीर निवडा. बोअर नको; काळ्या पाषाणात तिला खोल भेगेतलं पाणी लागतं, त्याची पातळी वरच्या पाण्याशी जुळेलच असं नाही. कठड्यावर रंगाने खूण करा. सकाळी मोटर लावण्याआधी वजन बांधलेला टेप सोडून खुणेपासून पाणी किती खाली आहे ते लिहा.

खरं कष्टाचं काम पुढचं. गवंड्याकडचा लेव्हल पाइप, म्हणजे पातळी जुळवायची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणा, त्यातले बुडबुडे पूर्ण काढा. कठड्याच्या खुणेपासून खुंट्या ठोकत, टप्प्याटप्प्याने उतार मोजत ओढ्यापर्यंत जा आणि काठच्या पक्क्या दगडावर दुसरी खूण करा. दोन्ही खुणांमधला फरक एकदा कळला की पुढे फक्त टेप लागतो: दुसऱ्या खुणेपासून ओढ्याचं पाणी किती खाली ते मोजा आणि त्यात हा फरक मिळवा. समजा, कठड्याच्या खुणेपासून विहिरीचं पाणी ४ मीटर खाली आणि ओढ्याचं ५ मीटर खाली भरलं, तर विहिरीकडची पातळी उंच आहे. पाणी ओढ्याकडे जातंय.

मिरगापासून पुढच्या मिरगापर्यंत दर पंधरवड्याला मोजा. पुरात काठाला जाऊ नका. दिशा कोणत्या महिन्यात उलटते, तेच शोधायचंय.

पडताळा डोळ्यांनीही होतो. थंडीत पहाटे ओढ्यात हात घालत चला. पाझर असेल तिथे पाणी कोमट लागतं. उन्हाळ्यात काठावर तांबूस साका दिसतो, त्यावर तेलासारखा तवंग. काडीने ढोसा: तुकडे झाले तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा, पुन्हा जुळला तर तेलाचा. असे पाझर सांभाळा, काठ खणू नका. एप्रिलमध्ये डोहातले मासे आणि खेकडे या पाझरांवरच तगतात.

बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारख्या सांडपाण्याच्या नाल्याकाठी पातळी नाल्याची उंच निघाली, तर विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, जंतूंसाठी आणि नायट्रेटसाठीही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही.