परसबागेतला अनोळखी किडा कसा ओळखावा?

वांग्यावर लालसर, ठिपकेदार भुंगेरा दिसला की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. तो आवरा. ढालकिडा (लेडीबर्ड) असेल तर तो मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, खाऊन तुमचंच काम करतोय. त्याच्यासारखाच दिसणारा एपिलॅक्ना भुंगेरा असेल तर तुमचं पान खातोय. ओळख पटल्याशिवाय औषध नको.

सुरुवात झाडापासून करा. बऱ्याच किडींची झाडं ठरलेली असतात, त्यामुळे झाड कळलं की शोध निम्म्यावर येतो. भेंडीवर जोडीजोडीने फिरणारे लाल ढेकूण कपाशीवरचेच असतात; भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. खान्देशात कुंपणापलीकडे कपाशी असतेच, तेव्हा ते आले कुठून हे वेगळं शोधायला नको. लिंबाच्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर काडीने हलकेच डिवचा. डोक्यामागून नारिंगी फाटेदार शिंग निघून उग्र वास आला, तर ती फुलपाखराची अळी.

मग नुकसान बघा, पान उलटून. भोकं, कुरतडलेल्या कडा म्हणजे अळी किंवा भुंगेरा. पान वळलेलं, चिकट आणि मुंग्या लागलेल्या, तर मावा किंवा पिठ्या ढेकूण (पांढरी पीठ लावल्यासारखी रस शोषणारी कीड).

आता पाय मोजा. कीटकाला सहा. एप्रिल-मेच्या उन्हात पानाखाली बारीक जाळी आणि लाल ठिपके हलताना दिसले तर ते आठ पायांचे लाल कोळी. ते कीटक नसल्यामुळे बरीच कीटकनाशकं त्यांच्यावर चालत नाहीत.

वांग्यावरच्या भुंगेऱ्याकडे भिंगातून नीट बघा. ढालकिडा चकचकीत असतो. एपिलॅक्नाची पाठ मळकट, तिच्यावर बारीक लव आणि ठिपके पुष्कळ, एका जातीत तर 28. तो पानाचा हिरवा गर खरवडून शिरांची जाळी तेवढी ठेवतो. पिल्लांवरून ओळख आणखी सोपी: एपिलॅक्नाची अळी पिवळी, काटेरी, ढालकिड्याची लांबट, काळसर, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी. हीच बिचारी सगळ्यात जास्त मारली जाते. जास्वंदावर पिठ्या ढेकणांत एखादा पांढरा किडा भराभर चालत असेल तर तोही बहुधा ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याचं पिल्लू असतो. त्याला राहू द्या.

फोटो सकाळी काढा, गारव्यात किडे सुस्त असतात. पाठीवरून एक, बाजूने एक, खाल्लेल्या पानाचा एक. शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. काळ्या-नारिंगी पट्ट्यांच्या लांबट भुंगेऱ्याला मात्र उघड्या हाताने धरू नका, त्याच्या स्रावाने फोड येतात.

तरीही ओळखू आला नाही, तर पानासकट पारदर्शक बाटलीत ठेवा, झाकणाला भोकं पाडा. अळी असेल तर रोज त्याच झाडाचं ताजं पान द्या. तिचं फुलपाखरू, पतंग किंवा भुंगेरा झाला की नाव सापडणं सोपं जातं. घाई असेल तर बाटली जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबादला केंद्रं आहेत, धुळे-नंदुरबारलाही आहेत. किंवा 1800-180-1551 या मोफत किसान कॉल सेंटरवर मराठीत विचारा. झाडाचं नाव आणि नुकसान आधी सांगा, किड्याचं वर्णन नंतर.