सेफ्टी शूज बदलायची वेळ झाली का? घरीच तपासा

वरचं चामडं धडधाकट दिसतं म्हणून आपण सेफ्टी शूज ओढत राहतो, आणि खालचा सोल मात्र कधीच गुळगुळीत झालेला असतो. सुट्टीच्या दिवशी बूट पुसायला घ्याल तेव्हा एवढं बघा.

१. बूट सपाट फरशीवर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला झिजून कलली असेल, तर पाऊलही दिवसभर तसंच कललेलं असतं.

२. सोल ओला करून जुन्या वर्तमानपत्रावर दाबा. नक्षी उमटायला हवी. नुसता ओला डाग दिसला, तर ऑइल सांडलेल्या फरशीवर हा बूट पकड धरणार नाही.

३. चवड्यापाशी वाकवा. भेगा किंवा सुटलेली कड दिसते का? पीयू (पॉलीयुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) सोल तर न वापरताही दमट हवेत काही वर्षांनी भुसभुशीत होतो. नखाने टोकरा, भुगा निघाला की तो जोड बाद. कपाटात जपून ठेवलेला कोरा जोडसुद्धा असाच तपासा, विशेषतः कोकणात.

४. आत हात घालून पुढची टोपी चाचपा. अस्तर फाटून स्टीलची कड बोटांना लागत असेल, तर थांबू नका.

सोल सुटला तर चिकटवून चार दिवस निघतात, ते मी समजू शकतो. पण पायावर जड वस्तू पडली असेल, तर बाहेर ओरखडाही नसला तरी बूट बदलाच. दबलेली टोपी ठोकून सरळ करून वापरू नका. नवा घेताना आयएसआय खूण आणि आयएस १५२९८ हा सेफ्टी शूजच्या भारतीय मानकाचा क्रमांक बघून घ्या.