पाणी कुठवर आलंय?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर एकच विचारतात, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?" गोदावरीच्या पात्रातली ही मूर्ती किती बुडाली, त्यावरून इथे पूर मोजतात. पुराचं हेच माप आमच्या वर्गाच्या दाराशी टांगलंय: पुठ्ठ्याचा मारुती आणि वरखाली सरकणारी निळी पट्टी. आमच्याकडची मुलं चिंता, नैराश्य, स्वमग्नता, अतिचंचलता अशा कारणांनी नेहमीच्या शाळेत टिकू शकली नाहीत. "कसं वाटतंय?" विचारलं की "काही नाही" म्हणतात. "पाणी कुठवर आलंय?" विचारलं की बोट पट्टीकडे जातं.

हे मुलं शांत असताना शिकवा, पूर आल्यावर नव्हे. रोज तीनदा विचारा: आल्यावर, डब्यानंतर, घरी जाताना. स्वतःचीही पट्टी हलवा. "आज माझं गुडघ्याला आहे, रात्री झोप झाली नाही," असं मी वर्गात सांगते. मोठ्यांचंही पाणी चढतं आणि उतरतं, हे मुलांना दिसायला हवं.

गुडघ्यापर्यंत असेल तर अभ्यास थांबवू नका, कमी करा. दहा गणितांऐवजी तीन. कमरेला आलं की अंगाला काम द्या: झाडांना बादलीने पाणी घालणं, वह्यांचा गठ्ठा शेजारच्या खोलीत नेऊन ठेवणं. श्वासाचाही उपयोग होतो, पण घेण्यापेक्षा सोडणं लांब हवं, गरम चहावर फुंकर घालतो तसं.

छातीच्या वर गेलं की बोलणं बंद. मी इथेच चुकायचे. सातवीतला एक मुलगा टेबलाखाली शिरला आणि मी वाकून वाकून विचारत राहिले, "का रे असं केलंस? सांग ना!" प्रत्येक प्रश्नागणिक तो जास्तच डोकं आपटायला लागला. त्या अवस्थेत मुलाला कारण सांगता येत नाही, तुमचा उपदेशही आत पोचत नाही. आता मी बाकीच्या मुलांना बाहेर पाठवते, दिवा बंद करते, हातभर लांब जमिनीवर बसते. दार अडवत नाही. डोकं आपटत असेल तर मध्ये उशी सरकवते. "मी इथे आहे," एवढंच म्हणते आणि थांबते. कधी वीस मिनिटं, कधी तास. कोपऱ्यात एक जाड गोधडी असते. तो कोपरा शिक्षेसाठी कधीही वापरू नका, नाहीतर मुलं तिथे जाणंच सोडतील.

"चढायला कधी लागलं?" हे दुसऱ्या दिवशी विचारा. त्या मुलाने सांगितलं, घंटा वाजली तेव्हा. आम्ही त्याला घंटेआधी खूण करायला लागलो. काय केल्याने उतरलं तेही तो वहीत लिहितो: "जिना चारदा चढलो, कमरेवरून पायाला." वाईट दिवशी तीच वही उघडतो. "धीट हो" म्हणण्यापेक्षा त्याचंच अक्षर त्याला जास्त उभारी देतं.

पालकांना फक्त तक्रारीसाठी फोन करू नका. निफाड-दिंडोरीकडच्या घरांत द्राक्षांवर गारपीट झाली की मुलाची पट्टी वर गेलेली असते. ते आपल्याला कळायला हवं.

मूल मरणाबद्दल बोललं तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना आणि मनोविकारतज्ज्ञांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. "कुणाला सांगू नका ना, ताई," म्हणालं तर मी एवढंच सांगते, "तुला जपायला लागतील तेवढ्यांना सांगेन. पण आधी तुला सांगेन, मग त्यांना."