रोटेट की रिव्हॉल्व्ह? आधी आस शोधा

मराठीत पंखा फिरतो, पृथ्वी सूर्याभोवती फिरते, भोवरा फिरतो आणि रागाच्या भरात डोकंही फिरतं. एका ‘फिरणे’वर आपलं भागतं. इंग्रजी लिहिताना मात्र इथेच पेन अडतं.

पहिली पायरी: आस, म्हणजे ज्या रेषेभोवती वस्तू फिरते ती, कुठे आहे ते बघा: वस्तूच्या आत की बाहेर. आरती संपल्यावर आपण जागच्या जागी स्वतःभोवती फिरतो, ते रोटेट. देवळाभोवती प्रदक्षिणा घालतो, ते रिव्हॉल्व्ह. शाळेच्या भूगोलातलं परिवलन आणि परिभ्रमण ते हेच. पृथ्वीचं परिवलन साधारण २३ तास ५६ मिनिटांत होतं, परिभ्रमणाला सुमारे ३६५ दिवस ६ तास लागतात. चंद्राला मात्र दोन्हींसाठी सारखाच वेळ लागतो, साधारण २७.३ दिवस. म्हणूनच त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. मला तरी हा फरक चंद्रामुळेच पक्का समजला.

पण रिव्हॉल्व्हिंग चेअर तर स्वतःच्याच दांड्यावर फिरते! बरोबर आहे. विज्ञानाबाहेर इंग्रजी बोलणारे हा नियम तितका काटेकोर पाळत नाहीत. खुर्ची आणि हॉटेलचं फिरतं दार हे शब्द तसेच पाठ करा.

दुसरी पायरी: शब्दयोगी अव्यय तपासा. रिव्हॉल्व्हनंतर ‘अराउंड’ लागतं. ऑर्बिटला ते लागत नाही: ‘द मून ऑर्बिट्स द अर्थ’. ‘भोवती’ची सवय असल्यामुळे आपण तिथेही अराउंड घुसवतो. ही चूक फार दिसते.

तिसरी पायरी: वेग बघा. जागच्या जागी गरगर फिरत असेल तर स्पिन. भोवरा, फिरकी गोलंदाजाचा चेंडू, कपडे पिळणारं वॉशिंग मशीन. भूतकाळी रूप ‘स्पन’. सूत कातण्यालाही हेच क्रियापद; खरं तर तोच मूळ अर्थ, गरगर फिरण्याचा अर्थ नंतर आला.

चौथी पायरी: काय फिरतंय ते डोळ्यांसमोर आणा. वावटळीत पाचोळा भिरभिरतो, ते व्हर्ल. नाचताना घेतलेली गिरकी किंवा बोटांत खेळवलेली काठी, ते ट्वर्ल. चहात दूध ओतल्यावर उठणारी वलयं, ते स्वर्ल. पाणी, धूर यांना हाच शब्द शोभतो. जमिनीला टेकून गडगडत जाणारी गोटी मात्र रोल होते.

आणि किल्ली, नळ, मान यांना साधं टर्न पुरतं. तिथे पूर्ण फेरी व्हायलाच हवी असं नाही.